महाकाय शिंपल्यांसाठी जनुकीय मार्कर: आधी निर्णय ठरवा, मग प्रायमर

प्रश्न थोडक्यात असा: एका हॅचरीत दहा-पंधरा प्रजनकांपासून, म्हणजे पैदाशीसाठी ठेवलेल्या शिंपल्यांपासून, ट्रायडॅक्ना स्क्वॅमोसा या महाकाय शिंपल्याचे बीज (लहान पिल्ले) तयार होते. ज्या प्रवाळभित्तींवरून ही जात जवळपास नाहीशी झाली आहे तिथे ते सोडायचे आहे. त्यासाठी जनुकीय मार्कर, म्हणजे शिंपले वेगळे ओळखू देणाऱ्या डीएनएमधल्या खुणा, विकसित करायचे ठरले आहे. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएच्या अक्षरांचा, म्हणजे बेसचा, छोटा गट पुन्हा पुन्हा येणारी जागा) घ्यावेत की एसएनपी (एकाच अक्षरातला फरक), किती लागतील, आणि सुरुवात कुठून करावी?

मार्कर कोणता, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी हे सांगा की मार्करचा निकाल हातात आल्यावर तुम्ही काय बदलणार आहात. प्रजनक शिंपले दुसऱ्या बेटावरून आणायचे की नाही, हे त्यावर ठरणार आहे का? एका बॅचमध्ये किती पालक वापरायचे, हे ठरणार आहे का? की टाकीत सगळे स्क्वॅमोसाच आहेत ना, एवढीच खात्री हवी आहे? तिन्ही प्रश्नांना वेगवेगळे मार्कर लागतात, वेगवेगळे नमुने लागतात आणि खर्चातही खूप फरक पडतो. ‘जनुकीय विविधता मोजायची आहे’ हे उत्तर प्रकल्प-प्रस्तावात शोभते, पण त्यावरून एकही प्रायमर (हवा तो डीएनएचा तुकडा पकडून देणारा छोटा धागा) निवडता येत नाही.

सोपा प्रश्न आधी संपवू: जात ओळखणे. महाकाय शिंपल्यांच्या सध्या मान्य जाती बाराच्या आसपास आहेत, ट्रायडॅक्ना आणि हिप्पोपस या दोन वंशांत विभागलेल्या. यातल्या काही डोळ्यांनी ओळखणे अवघड जाते. ट्रायडॅक्ना नोए ही जात कित्येक वर्षे ट्रायडॅक्ना मॅक्सिमा म्हणूनच मोजली जात होती. तिला स्वतंत्र जात म्हणून पुन्हा मान्यता मिळाली ती 2014 मध्ये, तीही डीएनएच्या जोरावर. याचा अर्थ, मॅक्सिमाच्या जुन्या गणनांमध्ये आणि प्रजनकांच्या टाक्यांमध्ये नोए मिसळलेली असण्याची पुरेपूर शक्यता आहे. या कामाला मायटोकॉन्ड्रियामधील सीओआय किंवा 16एस जनुकाचा एक तुकडा पुरतो. मात्र सगळ्या प्राण्यांवर चालतात म्हणून वापरले जाणारे फोल्मरचे प्रायमर इथे वरचेवर दगा देतात. ट्रायडॅक्नासाठी खास बनवलेले प्रायमर प्रसिद्ध आहेत, ते वापरा. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो, त्यामुळे संकर झाला असेल तर तो यात दिसणार नाही. ती शंका असेल तर केंद्रकातले दोन-चार मार्कर जोडावे लागतील.

दुसरा प्रश्न, प्रजनक कुठून आणायचे. इथे माणसे नकाशा उघडतात आणि जवळचे बेट निवडतात. जॉन बेन्झी आणि सुझॅन विल्यम्स यांनी 1990 च्या दशकात प्रशांत महासागरातल्या गिगास आणि मॅक्सिमा या ट्रायडॅक्नाच्या जातींवर प्रथिनांच्या अलीलांचा (एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांचा), म्हणजे अ‍ॅलोझाइमचा, अभ्यास केला. जनुकीय नाती आजच्या मोठ्या सागरी प्रवाहांच्या दिशेने जात नाहीत, असे त्यांना आढळले. ती नाती बहुधा जुन्या काळाची, समुद्रपातळी आणि प्रवाह वेगळे असतानाची, खूण आहे. पुढे इंडोनेशियात क्रोशिया आणि इतर जातींच्या मायटोकॉन्ड्रियल अभ्यासांतून ठळक गट समोर आले. त्यात पापुआच्या उत्तर किनाऱ्यावरच्या चेंदेरावासी उपसागरातला गट तर शेजाऱ्यांपासून चांगलाच वेगळा निघाला. या शिंपल्यांच्या अळ्या पाण्यात तरंगतात त्या साधारण आठवडा-दीड आठवडा. तेवढ्यात त्या कुठवर जातात हे किलोमीटरवरून कळत नाही. म्हणून प्रजनकांचा स्रोत ठरवायचा असेल तर अनेक ठिकाणचे नमुने हवेत, आणि मार्करही असे हवेत की ते सगळ्या ठिकाणी सारखेच चालतील. एकाच बेटावरच्या शिंपल्यांवरून शोधलेले एसएनपी दुसऱ्या बेटावर लावले की त्या दुसऱ्या बेटाची विविधता उगाचच कमी दिसते, कारण तिथले स्वतःचे फरक तुम्ही शोधलेच नव्हते. शोधाच्या टप्प्यातच तीन-चार दूरदूरच्या जागांचे नमुने मिसळा.

याच कामात एक गोष्ट नमुने घेण्याआधीच तपासा: त्या बेटावर पूर्वी कुणी हॅचरीचे बीज सोडले होते का? पलाऊमधून डेरासा या जातीचे बीज याप आणि कुक बेटांसह अनेक ठिकाणी गेले. फिलिपाइन्समधल्या बोलिनाओच्या सागरी प्रयोगशाळेने गिगासचे पुनर्स्थापन केले, त्याचे प्रजनक सोलोमन बेटांकडून आले होते. अशा ठिकाणी जाऊन ‘स्थानिक’ म्हणून गोळा केलेला शिंपला कदाचित दोन पिढ्यांपूर्वीचा पाहुणा असतो. मत्स्य विभागाच्या जुन्या नोंदी चाळायला एक दिवस लागतो. तो दिवस वाचवला तर पुढचे सगळे आलेख संशयास्पद ठरतात.

आता तुमचा खरा प्रश्न. हॅचरी बीज सोडणार आहे, म्हणजे तुम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे ती पालकत्वाची: या पिल्लांचे आई-बाप किती, आणि कोणाचा वाटा किती. महाकाय शिंपले आधी नर म्हणून पक्व होतात, मग उभयलिंगी. अंड्यांची संख्या कोटींच्या घरात जाते. एकाच आईची अंडी टाक्या भरायला पुरतात, आणि नेमका तिथेच धोका आहे. समजा एका बॅचला एका शिंपल्याची अंडी आणि चार शिंपल्यांचे शुक्राणू वापरले. कागदावर पाच पालक झाले. पण नर-मादींच्या विषम संख्येसाठीचे नेहमीचे सूत्र लावले, चार गुणिले नर गुणिले मादी भागिले एकूण, तर परिणामकारक संख्या, म्हणजे जनुकीय दृष्टीने खरी पालकसंख्या, येते 3.2. अशा एका पिढीत विषमयुग्मतेचा (आई-बापाकडून आलेले दोन अलील वेगळे असण्याचा) साधारण 16 टक्के भाग जातो. आणि हे चारही बापांचा वाटा सारखा धरून. प्रत्यक्षात एकाच्या शुक्राणूंनी बाजी मारलेली असते, म्हणजे आकडा आणखी खाली. पाच अंडी देणारे आणि पाच शुक्राणू देणारे असतील तर तोच तोटा 5 टक्क्यांवर येतो. मार्करने हे मोजायचे आहे. तुमच्या हॅचरीत बदलता येण्यासारखी गोष्टही हीच आहे, म्हणून मी सगळा भर इथे देईन.

नवीन मार्कर शोधायच्या आधी जुने तपासा. क्रोशियासाठीचे मायक्रोसॅटेलाइट 2010 आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दोन्ही वेळा ते इतर जातींवरही चालवून पाहिले गेले. त्यानंतर मॅक्सिमासाठीचे संचही आले. क्रोशिया, मॅक्सिमा आणि स्क्वॅमोसा या जवळच्या जाती आहेत, त्यामुळे यातले काही तुमच्याकडे चालण्याची आशा बाळगायला हरकत नाही. स्पष्टच सांगतो: या क्षेत्रात प्रायमरच्या याद्या भरपूर छापल्या गेल्या, पण त्या रोजच्या कामात वापरणाऱ्या हॅचऱ्या फार थोड्या. आणखी एक यादी छापण्यात मला रस नाही, असलेली यादी तुमच्या टाकीत टिकते का हे पाहण्यात आहे.

टिकत नसेल, किंवा पुरेशी नसेल, तर नवे शोधा. आणि इथे या प्राण्याची खासियत आडवी येते. महाकाय शिंपल्याच्या मँटलमध्ये, म्हणजे त्या रंगीत प्रावरणात, सहजीवी शैवाल ठासून भरलेले असते. सिंबायोडिनियम, क्लाडोकोपियम, डुरुस्डिनियम यांसारख्या वंशांतले. न मारता घेता येणारा तुकडा नेमका तिथलाच असतो. त्यामुळे ‘शिंपल्याचा डीएनए’ म्हणून सिक्वेन्सिंगला (डीएनएची अक्षरे वाचायला) पाठवलेल्या नळीत शैवालाचा डीएनए मोठ्या प्रमाणात जातो, आणि तुम्ही मोठ्या उत्साहाने शैवालाचे मायक्रोसॅटेलाइट शोधून बसता. ओळखायची एक खूण आहे. हे शैवाल एकगुणी असते, म्हणजे त्यात प्रत्येक जागी एकच अलील, म्हणून असा मार्कर बहुतेक शिंपल्यांत यंत्राच्या आलेखावर एकच शिखर दाखवतो आणि सगळे समयुग्मी (दोन्ही अलील सारखे असलेले) वाटतात. एखाद्यात शैवालाचे तीन प्रकार असतील तर अचानक तीन शिखरे. द्विगुणी प्राण्यात एका जागी तीन अलील दिसले की समजावे, पाहुणे बोलत आहेत.

यावर हॅचरीवाल्यांच्या हातात एक साधा उपाय आहे आणि तो फार कमी वापरला जातो. शैवाल आईकडून अंड्यात येत नाही; अळी ते नंतर पाण्यातून घेते. म्हणजे शुक्राणू, अंडी आणि शैवाल न दिलेल्या अळ्या यांत शुद्ध शिंपल्याचा डीएनए असतो. पुढच्या प्रजननाच्या दिवशी प्रत्येक प्रजनकाचे शुक्राणू थोडे बाजूला काढा, खाली बसवा आणि इथेनॉलमध्ये ठेवा. मार्कर शोधायचे सिक्वेन्सिंग त्यावर करा. जोडीला, संवर्धित शैवालाचा डीएनए कुठून मिळाला तर तो प्रत्येक नव्या प्रायमरबरोबर पीसीआरमध्ये (डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणाऱ्या प्रक्रियेत) घाला. तिथे पट्टा दिसला की तो प्रायमर बाद, मग त्याचे आकडे कितीही देखणे असोत. एसएनपीच्या वाटेने गेलात तर हेच काम संगणकावर करावे लागते: वाचलेले तुकडे शैवालाच्या उपलब्ध जीनोमशी जुळवून आधीच गाळून टाकायचे.

नमुना घेण्याबद्दल थोडे. शिंपल्यावर सावली पडली की तो झडपा मिटतो, म्हणून सावली पडणार नाही अशा बाजूने जा. मँटलच्या कडेचा काही मिलिमीटरचा तुकडा लहान चिमट्यात धरून कात्रीने एकदाच कापा, ओढू नका. कड भरून येते. तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये, इथेनॉल उतींच्या अनेक पट, आणि दुसऱ्या दिवशी ते बदला. या उतींत पाणी आणि चिकट शर्करा इतक्या असतात की पहिले इथेनॉल पातळ होते. त्याच चिकट शर्करा डीएनएबरोबर वाहत येऊन पीसीआर अडवतात. द्रावण नळीत जेलीसारखे हलत असेल तर शर्करा वेगळ्या करणाऱ्या सीटॅब पद्धतीने पुन्हा काढा किंवा दहापट पातळ करून पीसीआर चालवून पाहा. बऱ्याचदा ‘डीएनए कमी आहे’ असे वाटते तेव्हा अडचण उलटीच असते. फार लहान किंवा फार दुर्मीळ प्राण्यांवर कापसाच्या बोळ्याने मँटल पुसून घेणेही शक्य आहे, पण त्यात श्लेष्मा आणि जीवाणूच जास्त येतात.

मायक्रोसॅटेलाइट की एसएनपी? तुमच्याकडे दहा-पंधरा प्रजनक आहेत आणि विचारायचे आहे ते फक्त पालकत्व, म्हणून भरपूर अलील असलेले 10 ते 12 चांगले मायक्रोसॅटेलाइट पुरतील. एसएनपीला प्रत्येक जागी बहुधा दोनच अलील, म्हणून तेच काम करायला साधारण शंभरेक लागतात. पण एसएनपीचा निकाल कुठल्याही प्रयोगशाळेत सारखाच येतो, मायक्रोसॅटेलाइटचा नाही. एका यंत्रावर 182 बेस लांबीचा वाचलेला अलील दुसऱ्यावर 184 होतो. बीज एकच हॅचरी करणार असेल तर मायक्रोसॅटेलाइट. चार देशांच्या हॅचऱ्यांनी एकच संच वापरायचा असेल तर एसएनपीचा छोटा संच, शंभर ते दोनशे जागांचा, अ‍ॅम्प्लिकॉन सिक्वेन्सिंगने, म्हणजे फक्त तेवढेच तुकडे वाढवून, वाचलेला. मधली वाटही आहे: मायक्रोसॅटेलाइटच पण लांबी मोजण्याऐवजी थेट सिक्वेन्स वाचायचा, म्हणजे यंत्रायंत्रांतला घोळ मिटतो. संपूर्ण जीनोमभर पसरलेले हजारो एसएनपी हे गटांच्या सीमा आणि स्थानिक अनुकूलन यांसाठी उत्तम. पालकत्वासाठी तो खर्च मी करणार नाही.

मायक्रोसॅटेलाइट निवडताना दोन-दोन बेसच्या पुनरावृत्तीपेक्षा तीन किंवा चार बेसची घ्या. दोन बेसच्या मार्करमध्ये मुख्य शिखराआधी दोन-दोन बेसच्या अंतराने उतरत्या सावल्या येतात. मग 186 आणि 188 असा विषमयुग्मी आणि नुसता 188 चा समयुग्मी यांत फरक करताना दोन माणसांची दोन मते होतात. चाळीस-पन्नास प्रायमर जोड्या मागवा. एक चतुर्थांश टिकल्या तरी समाधान माना. शिंपल्यांच्या जीनोममध्ये पुनरावृत्त भाग उदंड, आणि पुष्कळ मायक्रोसॅटेलाइट हे उड्या मारणाऱ्या जनुकांच्या पोटात बसलेले असतात. तशी जोडी एकाच वेळी दहा ठिकाणी चिकटते.

आणि आता सगळ्यात त्रासदायक गोष्ट, मूक अलील. शिंपलावर्गात डीएनएचे फरक इतके दाट असतात की प्रायमर जिथे बसायचा तिथेच बदल झालेला असतो, आणि तो अलील पीसीआरमध्ये उमटतच नाही. उदाहरण घ्या. आईकडे 214 आणि एक मूक अलील आहे. यंत्र तिला 214/214 दाखवते. बाप 220/226. पिल्लाला आईकडून मूक आणि बापाकडून 220 मिळाला. यंत्र दाखवते 220/220. आता संगणक म्हणतो, 214/214 आईचे पिल्लू 220/220 असूच शकत नाही, आई बाद. खऱ्या आईला वगळले जाते आणि वाटा भलत्याच शिंपल्याच्या नावावर चढतो. हॅचरीत दुसरा गोंधळही होतो. हे प्राणी आधी शुक्राणू सोडतात आणि मग अंडी, त्यामुळे स्वतःच्याच शुक्राणूंनी थोडे फलन होऊ शकते. अशी पिल्ले फक्त आईचेच अलील दाखवतात आणि समयुग्मी जास्त असतात. मूक अलीलामुळेही पिल्ले समयुग्मीच दिसतात. दोन्ही कारणे वेगळी ओळखता आली नाहीत तर तुम्ही अंडी धुण्याच्या पद्धतीला दोष द्याल, आणि दोष असेल प्रायमरमध्ये.

उपाय पुन्हा हॅचरीच्याच हातात आहे. रानातल्या नमुन्यांवर हार्डी-वाइनबर्गची चाचणी (मुक्त प्रजननात अपेक्षित असलेल्या प्रमाणाशी तुलना) करून विषमयुग्मींची तूट दिसते, पण ती मूक अलीलामुळे, की अंतर्गत प्रजननामुळे, की दोन गट मिसळल्यामुळे, हे तिथे कळत नाही. तुम्ही मात्र एक आई आणि एक बाप घेऊन मुद्दाम एक कुटुंब तयार करू शकता. त्या दोघांची आणि चाळीसेक पिल्लांची तपासणी करा. प्रत्येक मार्करचे अलील अपेक्षित प्रमाणात उतरतात का ते पाहा. जो मार्कर इथे नापास होईल तो यादीतून काढा. चार कुटुंबांवर उतरलेले आठ मार्कर हे नुसत्या आकडेवारीवर निवडलेल्या वीसांपेक्षा मला जास्त विश्वासाचे वाटतात. शिवाय एकूण नमुन्यांपैकी दहावा हिस्सा क्रमांक बदलून, कोणाला न सांगता, पुन्हा चालवा आणि चुकीचे प्रमाण अहवालात छापा.

पालकत्व कधी तपासायचे, यावरही निकाल बदलतो. अळ्यांच्या टप्प्यावर पाच पालकांचे वाटे सारखे दिसतात आणि सहा महिन्यांनी दोघांचीच पिल्ले उरलेली असतात. मोठ्या संख्येने अंडी देणाऱ्या सागरी प्राण्यांत हे नेहमीचेच आहे. सोडण्याच्या आदल्या आठवड्यात, टाकीच्या वेगवेगळ्या भागांतून आणि लहान-मोठ्या सगळ्या आकारांतून पिल्ले उचला. फक्त मोठी उचलली तर जलद वाढणाऱ्या एकाच कुटुंबाचे चित्र मिळेल.

जप्त मालासाठी याच मार्करचा उपयोग होईल का, असे पुष्कळदा विचारले जाते. त्याची गरज खरीच मोठी आहे. एप्रिल 2021 मध्ये फिलिपाइन्सच्या पालावानमध्ये एकाच कारवाईत महाकाय शिंपल्यांची सुमारे 200 टन कवचे सापडली. चीनच्या हाइनान प्रांताने त्यांच्यावरचे कोरीवकाम आणि व्यापार 2017 पासून बंद केला आहे. पण तासून चकाकी दिलेल्या कवचात डीएनए थोडा आणि तुटलेला असतो. तिथे दीडशे बेसच्या आतले छोटे मायटोकॉन्ड्रियल तुकडे चालतात आणि जात सांगता येते. कोणत्या बेटावरचा माल, हे सांगायला आधी त्या त्या बेटांचा संदर्भसाठा उभा हवा. तो बऱ्याच ठिकाणी नाही, म्हणून न्यायालयात तसा दावा करू नका.

परवान्यांचे काम नमुने घेण्याआधी सुरू करा. गिगास आणि डेरासा 1983 पासून, बाकी सगळ्या जाती 1985 पासून सायटीस या वन्यजीव-व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. सीमेपलीकडच्या प्रयोगशाळेत तुकडा पाठवायचा तर तो इथेनॉलच्या नळीतला असला तरी कागद लागतात. गिगासला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने 2024 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरवल्यापासून तपासणी अधिक कसून होते, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखा.

तुमच्यापुरता क्रम असा लावेन. आधी सगळ्या प्रजनकांचे सीओआय, म्हणजे टाकीत एकच जात आहे हे पक्के होईल. मग प्रसिद्ध मायक्रोसॅटेलाइटपैकी वीसेक जोड्या शुक्राणूंच्या डीएनएवर आणि शैवालावर. टिकलेल्या एका मुद्दाम केलेल्या कुटुंबावर. आठ ते बारा उरल्या तर नवे काही शोधू नका, थेट या हंगामाच्या बॅचला लावा. कमी उरल्या तरच कमी खोलीचे, म्हणजे प्रत्येक भाग थोड्याच वेळा वाचणारे, जीनोम सिक्वेन्सिंग. आणि प्रत्येक प्रजनकाला आजच क्रमांक द्या, त्याचा तुकडा दोन नळ्यांत, दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा. प्रजनक मेला आणि त्याचा नमुना नसला, तर त्याची हजारो पिल्ले तुमच्याकडे कायम ‘अज्ञात पालक’ म्हणूनच नोंदली जातील.